सरावलेले नाक

पंचेंद्रियांपैकी नाकाइतके लवकर सरावणारे दुसरे इंद्रिय नसावे. अकोल्याच्या तेलगिरणीत पाय ठेवताच पाहुण्याला सरकीच्या पेंडीचा वास येतो. तेथे रोज बसणाऱ्या मुनिमाला तो येत नाही. औषधाच्या दुकानातील, किराणा गोदामातील, गोठ्यातील माणसांचेही तसेच. एकच वास सलग घेत राहिले की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. नवा वास आला तर तो चटकन कळावा, म्हणून शरीराने केलेली ही व्यवस्था आहे. एरवी ती उपकारकच. परंतु वास पेट्रोलचा असेल तर हीच व्यवस्था माणसाला गाफील ठेवते.

२०२५च्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या मोटारीभोवती येणाऱ्या पेट्रोलच्या वासाचा माग काढण्यात माझे सहा आठवडे गेले. अनेक घरांच्या अंगणात अशा जुन्या गाड्या अजून उभ्या आहेत आणि नातवंडे त्यांत बसतात, म्हणून तो शोध वाचकांपुढे सविस्तर मांडत आहे.

गाडी १९९८ सालची, कार्ब्युरेटरची, लहान. बँकेच्या कर्मचारी वाहनकर्जातून घेतलेली. दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर अशा बदल्यांच्या गावी तिने आमचा संसार वाहिला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरण तिचे तीनदा झाले आहे. आम्ही उभयता अमरावतीस असतो. मुलगी व जावई अकोल्यास. मधले अंतर शंभरेक किलोमीटरचे. महिन्यातून दोन वेळा आम्ही चार वर्षांच्या नातीला अमरावतीस आणतो आणि पुन्हा पोहोचवून देतो.

नातीला या प्रवासात मळमळू लागले. बोरगाव मंजू मागे पडले की ती गप्प होई आणि मूर्तिजापूरच्या आसपास गाडी थांबवावी लागे. ‘मुलांना गाडी लागतेच’ असे म्हणून नातेवाइकांनी आवळासुपारीपासून लिंबापर्यंत सर्व उपाय सुचवले. परंतु नातीचे म्हणणे त्याहून नेमके होते. ती म्हणाली, “आबा, गाडीला पंपासारखा वास येतो.”

आमच्या सौ.नेही तिला दुजोरा दिला. मला आणखी दोन गोष्टी विचार करण्याजोग्या वाटल्या. गाडी लागते ती घाटात, वळणावळणांवर. अमरावती–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३चा भाग. जून २०२२मध्ये याच मार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा सरळ रस्त्यावर पोरीला गाडी का लागावी? दुसरी गोष्ट अशी की, याच रस्त्याने जावयांच्या गाडीतून येताना तिला काहीही होत नसे. रस्ता तोच, मूल तेच. बदलत होती ती फक्त गाडी.

बँकेत चौतीस वर्षे काढल्यावर एक सवय अंगात मुरते. ग्राहकाने काउंटरविषयी तक्रार केली तर आपल्या खुर्चीतून काउंटर पाहायचा नसतो. ग्राहक उभा राहतो तेथे जाऊन पाहायचा असतो. त्याप्रमाणे जावयांना गाडी चालवायला सांगून मी नातीच्या जागी, मागच्या बाकावर बसलो. काचा बंद केल्या. सौ. शेजारी होत्या. बडनेरा येण्याआधीच त्यांनी पदर नाकाला लावला. मला मात्र काहीच जाणवले नाही. साठीनंतर घ्राणशक्ती मंदावतेच. त्यात या गाडीचा आणि माझा सत्तावीस वर्षांचा सहवास. या कामी माझे नाक साक्षीदार म्हणून चालणार नाही, हे त्या दिवशी निश्चित झाले.

मग एक वही घातली. तारीख, टाकीत पेट्रोल किती, इंजिन गरम की थंड, गाडी चालू की उभी, काचा उघड्या की बंद, आणि वास कोणाला आला, असे सहा रकाने आखले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. तीन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. त्यांपैकी नातीला नऊ वेळा, सौ.ना सात वेळा आणि मला केवळ दोन वेळा वास आला. शेजारच्या एका गृहस्थांना मी मुद्दाम पाच वेळा गाडीत नुसते बसवले. त्यांना पाचही वेळा दार उघडताक्षणीच वास आला. बाहेरून आलेल्या माणसाचे नाक ताज्या कोऱ्या पानासारखे असते.

वासाची इतकी धास्ती कशासाठी, असे कोणी विचारील. पेट्रोल हे विलक्षण उडनशील द्रव आहे. उणे चाळीस अंश तापमानातही त्यातून पेटण्याजोगी वाफ निघते. मग अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे गेला असताना काय होत असेल, याची कल्पना करावी. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पटींनी जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते आणि बंद गॅरेजमध्ये साचून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्क्यापर्यंत पोहोचले की एक ठिणगी पुरते. निसर्गाची कृपा अशी की, निरोगी नाकाला दशलक्ष भागांत एखादा भाग पेट्रोल असले तरी ते कळते. म्हणजे धोक्याची पातळी येण्याच्या कितीतरी आधी, सुमारे दहा हजार पट आधी, नाक सूचना देते. ही सूचना ऐकली तर हाती भरपूर वेळ असतो. सरावलेल्या नाकाला मात्र ती सूचनाच मिळत नाही.

आग हा एक धोका झाला. दुसरा हळूहळू होणारा. पेट्रोलच्या वाफेने डोके दुखते, मळमळते, गरगरते. तिच्यात बेंझीन असते. आजच्या मानकांप्रमाणे पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवावे लागते, कारण बेंझीन मनुष्यात कर्करोग उत्पन्न करते हे निर्विवाद ठरलेले आहे. लहान मूल मोठ्यांच्या मानाने जलद श्वास घेते आणि वजनाच्या प्रमाणात अधिक हवा ओढते. शिवाय आमच्या गाडीत ते बसते मागे, टाकीच्या जवळ. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथील वाफ मागच्या दाराच्या फटीतून आत ओढली जाते. पुढे बसलेल्याला वारा मिळतो, मागे बसलेल्याला वाफ.

आपल्या आधीच्या पिढीला हा वास खटकत नसे, याचेही कारण आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्या निघाल्या आणि अकोला-अमरावतीच्या कापूस व तेलाच्या व्यापाऱ्यांच्या दारात आल्या. आपल्या समाजातील एका उद्योजकाने देशात मोटारी घडवल्या याचा अभिमान आमच्या लहानपणी घरोघरी होता. त्या काळच्या साऱ्याच गाड्या कार्ब्युरेटरच्या. त्यांच्याभोवती थोडा वास असायचाच, आणि मोटार म्हणजे पेट्रोलचा वास हे समीकरण मनात पक्के बसले होते. त्या पेट्रोलमध्ये शिसेही असे. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते १ फेब्रुवारी २०००पासून. सारा समाजच एखाद्या वासाला सरावला, म्हणजे तो दोष राहत नाही, लक्षण ठरतो.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळतो. पहिली तपासणी अमरावतीस झाली. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडले आणि टाकीकडून आलेल्या पेट्रोलचा प्रवास क्रमाने तपासला: फिल्टर, इंजिनच्या बाजूचा पंप, तेथून कार्ब्युरेटरपर्यंतचा रबरी पाइप आणि स्वतः कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटरमध्ये एक लहानशी वाटी असते. तीत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. त्याची सुई झिजली तर वाटी भरून वाहते. ती ठीक होती. तापलेले इंजिन बंद केल्यावर वाटीतील पेट्रोलची थोडी वाफ होते आणि दोनचार मिनिटे बॉनेटजवळ वास येतो. जुन्या गाडीत तेवढे चालायचेच, असे त्याने सांगितले. मात्र पंपाकडून निघणाऱ्या पाइपाच्या टोकाशी, क्लिपेखाली, रबराला केसासारख्या भेगा होत्या आणि त्यांभोवती धूळ चिकटून काळा ओलसर डाग पडला होता. पाइप बदलला, क्लिपा नव्या घातल्या. वास कमी झाला.

कमी झाला, पण गेला नाही. येथे हिशेबनिसाचा अनुभव उपयोगी पडला. ताळेबंदात फरक आला की नवखा कारकून तेवढ्याच रकमेची एक नोंद शोधत बसतो. फरक पुष्कळदा दोन चुकांचा मिळून झालेला असतो. एक सापडली म्हणून पुस्तके बंद करता येत नाहीत. या टप्प्यावर एका हितचिंतकाने गाडीत सुगंधी डबी लावण्याचा सल्ला दिला. उरलेला फरक सस्पेन्स खात्यात टाकून दिवस संपवण्याचाच हा प्रकार. डबीने वास झाकला जातो, वाफ तशीच राहते. आणि सूचना देणारे एकमेव साधन आपणच बंद पाडतो.

वही पुन्हा चाळली. पहिल्या दुरुस्तीनंतरच्या पाच नोंदींपैकी ज्या तीनमध्ये वास होता, त्या तिन्ही वेळी टाकी भरलेली होती. टाकी अर्ध्याखाली असताना शेजारच्या गृहस्थांनाही वास आला नव्हता. वही घेऊन मी अकोल्याच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. जुन्या गाड्यांतच त्यांची हयात गेली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. वही वाचून म्हणाले, “काकाजी, हे तं वहीनंच सांगून टाकलं. टाकी फुल केली का वास येते, अर्धी झाली का जाते. मंग फुटलेलं जे काही हाय, ते अर्ध्याच्या वर हाय. पुढं पाहून काय फायदा?”

टाकीच्या वरच्या अंगाला शंका घेण्याजोगी स्थाने मोजकीच असतात. झाकणाचे रबर, पेट्रोल ओततो त्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप, त्याच्या शेजारची, आतली हवा बाहेर जाऊ देणारी बारीक नळी, आणि पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या यंत्राखालचे गॅस्केट. मिस्त्रींनी सकाळच्या वेळी, गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत काम काढले. प्रथम बॅटरीचे कनेक्शन काढले. आसपास कोणाला विडी पेटवू दिली नाही. सांध्यांवर खडूची पूड भुरभुरली आणि टाकी भरलेली गाडी तशीच अर्धा तास उभी ठेवली. जाड पाइपाच्या खालच्या बाजूला, जेथे तो वाकून टाकीत शिरतो तेथे, पांढऱ्या पुडीवर करंगळीच्या नखाएवढा ओला डाग उमटला.

पेट्रोल काढून पाइप उतरवल्यावर तो हातात घेऊन मी वाकवला. वरून धडधाकट दिसणाऱ्या रबराला आतल्या वळणावर आडव्या चिरा गेल्या होत्या. टाकी भरली की पेट्रोल तेथवर चढे. दुपारच्या उन्हात ते आणखी फुगे: तापमान एक अंशाने वाढले की पेट्रोल सुमारे हजारात एक भाग वाढते. पंपाच्या जमिनीखालील टाकीतून घेतलेले पंचवीस लिटर थंड पेट्रोल वीस अंशांनी तापले तर ते अर्ध्या लिटरने वाढते. काठोकाठ भरलेल्या टाकीत त्या अर्ध्या लिटरला जागाच नसते. ते तोंडाच्या पाइपात चढते आणि चीर सापडली की बाहेर झिरपते. आम्ही अकोल्याहून निघताना टाकी नेहमी काठोकाठ भरून घेत असू. म्हणून मूर्तिजापूरपर्यंत वास तीव्र असे. नातीच्या पोटाने हे गणित वहीच्या आधीच मांडले होते.

रबर कशाने गेले, हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारला. हल्ली प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे. इथेनॉलची कथा महाराष्ट्राला नवी नाही: २००१ साली देशात त्याचे जे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांपैकी दोन आपल्याकडे, मिरज आणि मनमाड येथे होते. जानेवारी २००३पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५पर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल आले. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग व गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये म्हटले. मिस्त्रींचे उत्तर संतुलित होते. सत्तावीस उन्हाळे पाहिलेले रबर कडक होणारच; नव्या मिश्रणाने त्याला थोडी घाई केली असेल. निर्णय मात्र दोन्ही कारणांनी एकच निघतो: जुन्या गाडीचे पेट्रोल वाहणारे सर्व रबर एकदम बदलावे आणि नवे घेताना इथेनॉल सोसणारे मागून घ्यावे. साधा पाण्याचा किंवा हवेचा पाइप तेवढ्याच जाडीचा मिळतो आणि बसतोही. पण तो पेट्रोलसाठी नसतो.

जाड पाइप, बारीक नळी, झाकणाचे रबर आणि क्लिपा मिळून साडेसातशे रुपये लागले, मजुरी निराळी. त्यानंतर महिनाभर वही चालू ठेवली. टाकी भरलेली, काचा बंद, दुपारचे ऊन, अशा स्थितीत शेजारच्या गृहस्थांना तीन वेळा बसवले. तिन्ही वेळा ‘वास नाही’ अशी नोंद झाली. नात अकोल्याहून अमरावतीपर्यंत न थांबता, गाणी म्हणत येते. चिखलदऱ्याच्या घाटात तिला अजूनही गाडी लागते. ती मात्र खरोखरच गाडी लागते.

या सर्व काळात आमच्या गाडीजवळ प्रदूषण नियंत्रणाचे वैध प्रमाणपत्र होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ते प्रमाणपत्र खोटे नव्हते. पीयूसीची तपासणी धुराड्याच्या तोंडाशी होते. इंजिनात जळून बाहेर पडणारा वायू ती मोजते. न जळता टाकीच्या मानेतून झिरपणारी वाफ तिच्या कक्षेतच येत नाही. कोणत्याही प्रमाणपत्रावर काय तपासले हे लिहिलेले असते. काय तपासले नाही, ते आपण समजून घ्यायचे असते. लेखापरीक्षणाचे अहवाल वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

बँकांमध्ये सरावलेल्या नाकावर एक जुना उपाय आहे. दर तीन वर्षांनी बदली होते, अचानक तपासणी येते. संवेदनशील पदावरील कर्मचाऱ्यास वर्षातून किमान दहा कामाचे दिवस पूर्वसूचनेशिवाय सलग रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बँकांना बजावले. त्याच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे; त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला, जुन्याला येईनासा झालेला वास यावा म्हणून. घरांत अशी व्यवस्था नसते. तेथे बाहेरून येणारे पाहुणे असतात, नव्याने आलेली सून असते, आणि ज्यांचे नाक अजून कशालाच सरावलेले नाही अशी मुले असतात. ती जे बोलतात ते आपण पुष्कळदा कौतुकाने ऐकतो आणि नोंद न करता सोडून देतो.

ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांहून जुनी गाडी आहे, त्यांनी उन्हाळा लागण्यापूर्वी एवढे करावे. टाकी भरून आणावी. पंपाचा नॉझल आपोआप बंद झाला की आणखी पेट्रोल कोंबू नये. गाडी दुपारी तासभर काचा बंद करून मोकळ्या जागी उभी ठेवावी. नंतर त्या गाडीत कधीही न बसलेल्या माणसाला दार उघडून मागच्या बाकावर बसायला सांगावे आणि काय वाटले ते विचारावे. वास पेट्रोलचा की जळक्या धुराचा, हेही विचारावे. धुराचा असेल तर शोध सायलेन्सरपासून सुरू करावा आणि तोवर काचा उघड्या ठेवूनच गाडी चालवावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वासच नसतो. पेट्रोलचा वास असेल तर गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवू नये, जवळ दिवा-उदबत्ती लावू नये, आणि गळती स्वतः आडवे पडून न शोधता जाणत्या मिस्त्रीला दाखवावी. त्याच्याकडे जाताना आठ-दहा दिवसांच्या नोंदी सोबत न्याव्यात. त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि आपले पैसेही.

आमच्या वहीची अजून वीस पाने कोरी आहेत. टाकी भरून गाडी अकोल्याहून निघाली की नात मागच्या बाकावरून आपण होऊन सांगते, “आबा, नाही आला.” मी मूर्तिजापूरला थांबून तशी नोंद करतो.